ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहू नये

जेवताना आमच्या वन्सं एकट्याच हसल्या, की समजावं, आज त्यांना कुणाचा तरी फक्कड प्रोग्राम वाचायला मिळालाय. माझा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो पोळी मोडता मोडता विचारायचा, "ताई, आज कोण?" आणि वन्सं सांगायला लागायच्या. कुठल्या तरी माणसाने घड्याळाची वेळ मोजायचा कोड असा लिहिलाय, की वाचून डोळे निवावेत. आम्हा दोघांना त्यातलं ओ का ठो कळायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. म्हणून आम्ही ऐकायचो.

त्या शिकल्याच अशा. तरुणपणी एका कचेरीत टायपिस्ट होत्या. लोक जेवायला गेले की रिकामा संगणक उघडून दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम वाचत बसायच्या. वाचायला मिळायचे, कारण जगात काही लोक आपला कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात. ओपन सोर्स म्हणतात त्याला. कुणीही यावं, वाचावं, वापरावं, चुका दुरुस्त कराव्यात. क्लास नाही, गुरू नाही, नुसतं वाचन. कचेरीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, कादंबरी तरी वाच, हे काय अगम्य घेऊन बसतेस!" वन्संनी ऐकलं नाही. पुढे एका लहानशा कंपनीत त्यांना प्रोग्रामर म्हणून घेतलं, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी त्या तिथेच होत्या. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणायचे, मालकसुद्धा.

ही कंपनी बोलायचं यंत्र बनवायची. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज गेला, त्यांच्यासाठी. पाटीएवढं यंत्र, त्यावर लिहायचं, की ते मोठ्याने बोलतं. मी स्वतः दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट आहे, त्यामुळे ही यंत्रं माझ्या रोजच्या हाताखालची. गंमत म्हणजे घरात आम्ही दोघी एकाच कामाच्या दोन टोकांना होतो.

यंत्राच्या पोटातला आवाज मात्र कंपनीचा नव्हता. तो दुसऱ्या एका कंपनीकडून भाड्याने घेतलेला होता. एक दिवस त्या लोकांनी कळवलं, की आम्ही हा धंदा बंद करतोय, वर्षअखेर तुमचं तुम्ही बघा. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज नाही तर यंत्र म्हणजे नुसती पाटी.

"ताई, आपला आपणच लिहायचा का आवाज?" त्यांनी विचारलं.

"लिहू की," वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी घरी आल्या त्या जिना गाणं गुणगुणत चढल्या. इतक्या वर्षांत असं पोटभर काम त्यांना कधी मिळालं नव्हतं.

सगळ्यात अवघड भाग होता तो शब्द वाचायचा. लिहिलेल्या शब्दाचे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्याचा कसा उच्चार हे ठरवायचं. वन्संनी झपाटल्यासारखं लिहिलं. त्यांच्या भाषेत सांगायचं तर "हात आपोआप चालत होता." आम्हाला वाटलं, याला म्हणतात कौशल्य.

काम निम्म्यावर आलं तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाने ही यंत्रं घ्यायची तयारी दाखवली. आधी तपासणी करा म्हणाले, तुमच्या यंत्रात दुसऱ्याचं काही चोरीचं तर नाही ना. त्यासाठी मालकांनी एक वकीलबाई आणल्या. शांत बाई, बोलणं मोजकं, आणि पूर्वी स्वतः प्रोग्रामर होत्या, त्यामुळे त्यांना थापा मारून चालायचं नाही. त्यांनी बैठकीत पहिलाच प्रश्न विचारला. बोलणाऱ्या यंत्रांसाठी एक प्रसिद्ध उघडा प्रोग्राम आहे, तो इथे कुणी वाचलाय का?

वन्संनी उत्साहाने हात वर केला. "वाचलाय म्हणजे? मी तो कोळून प्यायलेय! त्यात मराठीची एक दुरुस्तीसुद्धा माझी आहे."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दोन दिवसांनी त्यांनी वन्संना खोलीत बोलावलं. पडद्यावर डावीकडे तो उघडा प्रोग्राम, उजवीकडे वन्संनी लिहिलेला. "हे बघा," वकीलबाई म्हणाल्या. "इथे तुम्ही शब्द आधी उलटा करताय. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. मग काम करताय, मग परत सुलटा करताय. उलटा करायची गरज काय होती?"

वन्संनी दोन्हीकडच्या ओळी पुन्हा वाचल्या. गरज काहीच नव्हती. सुलट्या शब्दावरही तेच काम झालं असतं. डावीकडच्या प्रोग्राममध्ये मात्र वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी तसं केलं होतं, त्याच्या त्या वेळच्या काहीतरी अडचणीमुळे.

"मी समोर ठेवून उतरवलेलं नाही हो," वन्सं म्हणाल्या. "शपथेवर सांगते. माझं मला सुचलं असंच वाटत होतं."

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत, ते मुरलं, आणि लिहिताना हातातून उतरलं. पण ताई, न्यायालयात 'मी आठवून लिहितेय हे मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. तुम्ही वाचलंय हे जगजाहीर आहे, आणि दोन्हीकडे सारखेपणा आहे. एवढं पुरतं."

त्या संध्याकाळी वन्संनी आम्हाला सगळं सांगितलं, पण जेवल्या नाहीत. माझा नवरा चिडला. "उघडं ठेवलंय ना त्यांनी? दार उघडं ठेवायचं आणि आत आलेल्याला चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?"

"तसं नाही रे," वन्सं म्हणाल्या. अशा वेळीही त्यांना दुसऱ्याची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. "उघडं आहे, पण अट घालून उघडं आहे. प्रत्येक उघड्या प्रोग्रामला एक परवाना असतो. कुणाचा परवाना म्हणतो, माझं नाव ठेवा आणि काय हवं ते करा. या प्रोग्रामचा परवाना वेगळा आहे. तो म्हणतो, घ्या, बदला, विका, पण माझ्यातलं काही घालून नवीन वस्तू लोकांना दिलीत, तर त्या वस्तूचा कोडही असाच उघडा ठेवायचा. आम्हाला मिळालं तसं पुढच्याला मिळू दे. चांगलीच अट आहे. पण आमच्या यंत्राचा पडदा दुसऱ्या एका कंपनीचा आहे, तिचाही थोडा कोड आत आहे, तो उघडा करायचा हक्क आम्हाला नाही. म्हणजे त्यांची अट पाळता येत नाही, आणि मोडताही येत नाही."

"मग त्या लोकांची परवानगी मागा," मी म्हटलं.

"किती जणांची? शेकडो लोकांनी हातभार लावलाय त्याला. निम्म्यांचे पत्ते नाहीत. काही तर वारले असतील."

खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं त्यांनी पानावरून उठता उठता सांगितलं. "वहिनी, मला आता कळेनासंच झालंय, माझ्या डोक्यातलं माझं किती आणि दुसऱ्याचं किती."

मला माहीत असलेला प्रत्येक शब्द मी कुणाकडून तरी ऐकूनच शिकले होते.

वकीलबाईंनी मार्ग काढला, पण तो वन्संच्या जिव्हारी लागणारा होता. वन्संनी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. ज्याने तो उघडा प्रोग्राम आयुष्यात कधी पाहिलेला नाही अशा माणसाने नव्याने लिहायचं. वन्संनी त्याला फक्त काय हवं ते लिहून द्यायचं, कसं करायचं ते नाही. आणि तेही थेट द्यायचं नाही. आधी वकीलबाई वाचणार, त्यात 'कसं' डोकावलं तर खोडणार, मग पुढे जाणार. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलंच तर सांगता यावं, की लिहिणाऱ्याने ते कधी वाचलेलंच नाही.

"थोडक्यात," वन्सं म्हणाल्या, "ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहू नये."

"या एका कामापुरतं," वकीलबाई म्हणाल्या. पण वन्संना पुढचं ऐकू गेलं नसावं.

न वाचलेला माणूस शोधणं म्हणजे गंमतच झाली. ज्याला विचारावं तो म्हणे, "थोडा वाचलाय." शेवटी मिळाला तो आधीच्या नोकरीत लिफ्टचे प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ. कोणती लिफ्ट कोणत्या मजल्यावर आधी थांबेल, एवढंच त्याने आयुष्यभर लिहिलेलं. ऑफिसने त्याचं नाव लगेच लिफ्टवाला ठेवलं. मालकांनी विचारलं, "उघडा कोड वाचायची सवय?" तो म्हणाला, "साहेब, मला स्वतःचा वाचायचाही कंटाळा आहे." त्याला त्याच दिवशी रुजू करून घेतलं.

वन्संनी मात्र वाचन सोडलं. जेवताना हसणं बंद. माझ्या नवऱ्याने एकदा सवयीने विचारलं, "ताई, आज कोण?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. नकोच ते. वाचलेलं कधी कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही." ऑफिसला जायच्या, यायच्या, बाल्कनीतल्या कुंड्यांना नको इतकं पाणी घालायच्या. लिफ्टवाल्यासाठी लिहायचं वर्णनही पुढे सरकत नव्हतं. जे लिहावं ते त्या जुन्या प्रोग्रामच्या वळणाने जातंय असं त्यांना वाटायचं, आणि त्या स्वतःच खोडून टाकायच्या. वकीलबाईंना खोडायला काही उरायचंच नाही.

मला ते बघवेना. एका सकाळी मी म्हटलं, "वन्सं, आज रजा घ्या आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तुमच्या यंत्राचं एक गिऱ्हाईक दाखवते."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे कंडक्टरकाका. आयुष्यभर बसमध्ये "चला, पुढे सरका" म्हणून ओरडलेले. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला. लक्ष वेधायचं असलं की टेबलावर दोन थापा मारायचे, अगदी बसच्या पत्र्यावर माराव्यात तशा. वन्संना बघितल्यावर त्यांनी यंत्रावर लिहिलं, "जग सुंदर आहे." यंत्र बोललं, पण 'जगणं' मधल्या ज ने. म्हणजे जगाला सुंदर म्हणायचं सोडून ते काकांना जगायचा हुकूम सोडत होतं. काका आवाज न करता खांदे हलवत हसले. मग लिहिलं, "चार वाजले." यंत्राने त्या चारचा जनावरांचा चारा केला. काकांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि खाली लिहिलं, "बायको तीस वर्षं माझं ऐकत नव्हती. आता ऐकते, तर हे असं ऐकवतं."

वन्सं हसल्या. किती तरी दिवसांनी हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काका, आणखी बोला. जे जे चुकतं ते सगळं बोला."

ती सकाळ त्या तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. पुढे आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. काका बोलत, यंत्र चुके, आणि वन्सं मला विचारत, "वहिनी, आपण हे नीट कसं म्हणतो गं? जीभ कुठे लागते?" मी सांगायचे. चहातला च टाळूला लागतो, चाकातला च दातांशी. 'कमळ' मधला शेवटचा स्वर आपण गिळतो, 'कमळात' म्हणताना मात्र ळ पूर्ण बोलतो. माणूस दमला की वाक्याचा शेवट खाली जातो, आणि वैतागला तरी जातो, पण तो वेगळा. हे सगळं मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवतेय, पण कुणी इतक्या बारकाईने विचारलं नव्हतं. एकदा तर मी घरी स्वयंपाकघरात उभी राहून "चूल, चिमटा, चमचा" म्हणत होते आणि नवरा दारातून विचारत होता, "काय हवंय नक्की?"

आता वर्णन झरझर लिहून व्हायला लागलं, कारण ते कुठल्या कोडवरून येत नव्हतं. ते माणसांच्या तोंडून येत होतं. वकीलबाईंनी पहिली पानं वाचली आणि एकच ओळ खोडली. त्या ओळीत वन्संनी "आधी शब्द उलटा करून" असं लिहिलं होतं! दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की मालक काय झालं म्हणून बघायला आले.

मग च आणि ज चा प्रश्न आला. वकीलबाईंनी विचारलं, "त्या उघड्या प्रोग्राममधली मराठीची दुरुस्ती तुमची म्हणालात. ती नेमकी कोणती?"

"हीच. कुठला च कुठे, कुठला ज कुठे, याचे नियम. तो भाग त्यांनी वेगळाच ठेवलाय, बाकीच्यात मिसळलेला नाही. त्यात माझ्याशिवाय कुणाचं काही नाही."

"तेव्हा नोकरी कुठली होती?"

"टायपिंगची. हे घरी, माझ्या संगणकावर, सुट्टीत केलेलं."

वकीलबाईंनी कागदपत्रं तपासायला थोडे दिवस घेतले. मग फोन केला. वन्संनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हात कणकेचे होते. "ताई, ते नियम तुमचेच आहेत, त्या कचेरीचे नाहीत. त्या प्रोग्रामला ते वापरायची परवानगी तुम्ही दिलीत, पण मालकी सोडली नाहीत. तुमची वस्तू तुम्ही त्यांनाही देऊ शकता आणि आपल्या कंपनीलाही, वेगळ्या अटीवर."

"म्हणजे माझं आहे ते?" वन्संनी विचारलं.

"तुमचंच."

वन्सं कणकेचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मालकांना सांगा, फुकट नाही मिळायचं. चांगल्या खुर्च्या आणा म्हणावं, पाठ मोडली सगळ्यांची." खुर्च्या खरंच आल्या.

इकडे ऑफिसात वेगळाच तमाशा चालू होता. वन्सं आणि लिफ्टवाला यांनी कामाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नव्हता, आणि चहाची खोली एकच. त्यामुळे दोघं भेटले की गुडघेदुखी, मांजरं आणि पाणी कधी जातं यावर भरभरून बोलायचे. लिफ्टवाल्याला शंका आली, की ती लिहून वकीलबाईंकडे जायची, तिथून वन्संकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. दोघांची टेबलं हाकेच्या अंतरावर. मालक म्हणायचे, "भांडलेल्या नवराबायकोचे निरोप पोचवतायत वकीलबाई." वकीलबाई म्हणायच्या, "ते काम मी पूर्वी केलंय, हे सोपं आहे."

लिफ्टवाल्याचा पहिला प्रयत्न सपशेल आपटला. यंत्र प्रत्येक अक्षरावर असं थांबायचं, जणू प्रत्येक मजल्यावर कुणीतरी बटण दाबून ठेवलंय. कंडक्टरकाकांनी लिहिलं, "ही साधी गाडी झाली. जलद सोडा." तो टोमणा रीतसर वकीलबाईंमार्फतच लिफ्टवाल्याकडे गेला. तो बिचारा आठवडाभर खाली मान घालून बसला, आणि मग त्याने एक वेगळीच युक्ती काढली. शब्द सुरू करायच्या आधीच पूर्ण वाक्याचे थांबे ठरवून टाकायचे, कुठे टेकायचं, कुठे न थांबता पुढे जायचं. लिफ्टमध्ये तो तेच करत आला होता.

नवीन आवाज वन्संनी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या दवाखान्यात. काकांनी लिहिलं, "जग सुंदर आहे, पण चार वाजले, चहा आणा." यंत्र ते वाक्य न अडखळता बोललं. ज जागच्या जागी, च जागच्या जागी, आणि शेवटी 'आणा' वर आवाज असा खाली आला, की बाहेर बसलेल्या काकू खरंच उठल्या. काकांनी टेबलावर दोन थापा मारल्या.

वन्सं डोळे पुसत मला म्हणाल्या, "वहिनी, मला हे असं कधी सुचलं नसतं. मी जुन्याच वाटेने गेले असते. त्याने नवी वाट पाडली."

"वर्णन कुणाचं होतं?" मी म्हटलं.

"ते माझं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज स्वच्छ होता.

रुग्णालयाची तपासणी पार पडली. त्यांच्या माणसाने वकीलबाईंनी जपून ठेवलेला सगळा पत्रव्यवहार चाळला, शंका विचारल्या आणि समाधानाने निघून गेला. यंत्रं बाहेर पडली. अजूनही त्यात चुका सापडतात. 'औषध' म्हणताना ते थोडं गेंगाणं होतं, त्याचं काय करायचं ते कुणालाच कळलेलं नाही.

यानंतर वन्संनी मालकांकडे एक मागणी केली. काकांबरोबर बसून त्यांनी च आणि ज चे आणखी नियम काढले होते. ते त्या उघड्या प्रोग्रामलाही द्यायचे. मालक कुरकुरले, "आपण मेहनत करायची आणि जगाला वाटायची?" वन्सं म्हणाल्या, "मी कुणाचं वाचून शिकले? तुम्ही मला नोकरी कशाच्या जोरावर दिलीत?" वकीलबाई खाली बघून हसत होत्या. कागद झाले, सह्या झाल्या, आणि नियम गेले. पलीकडून कुण्या अनोळखी माणसाने आभाराची दोन वाक्यं पाठवली, मराठीत, थोडी चुकीच्या मराठीत.

वाचन पुन्हा सुरू झालं, पण आता त्याला शिस्त आली. पुढे काय लिहायचंय ते आधी विचारायचं. त्याच गोष्टीचा कोड असेल तर परवाना आधी वाचायचा, कोड नंतर, आणि शंका आली तर वकीलबाईंना फोन. ऑफिसात नवीन आलेल्यांना त्या हेच सांगतात. एक मुलगी घाबरून म्हणाली, "मग ताई, न वाचलेलंच बरं ना?" वन्सं जवळजवळ ओरडल्याच, "अजिबात नाही! न वाचता लिहिणारे काय लिहितात ते बघितलंयस का? वाच. भरपूर वाच. फक्त कुणाच्या घरी बसलीयस याचं भान ठेव."

लिफ्टवाल्याचं मात्र अवघड झालं. त्याला आता वाचायची फार उत्सुकता लागली होती आणि मालक त्याला वाचू देईनात. पुढच्या आवृत्तीसाठी एक तरी माणूस कोरा हवा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तो वकीलबाईंसमोर जाऊन बसला. "बाई, मी काय जन्मभर अडाणी राहायचं का?" त्यांनी विचार केला आणि त्याची आवाजाच्या कामातून सुटका करून त्याला बॅटरीच्या कामावर घातलं. तिथे तो उघडा प्रोग्राम वाचला काय, न वाचला काय, फरक पडत नव्हता.

परवा रविवारी तो आमच्या घरी आला होता. बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून तो आणि वन्सं एकाच पडद्यात डोकं घालून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर दोघांची जुंपली होती.

"अहो ताई, पण हा माणूस शब्द उलटा का करतोय?"

"त्याची काहीतरी अडचण असेल तेव्हाची. पुढे वाचा, पुढे."

"नाही, आधी हे सांगा. माझ्याच्याने पुढे जाववत नाही."

"तुम्ही लिफ्टवाले म्हणजे ना, प्रत्येक मजल्यावर थांबणार," वन्सं म्हणाल्या, आणि पडदा स्वतःकडे ओढून त्यांनी पुढचं पान काढलं.